पायाखालची जबाबदारी : महाराष्ट्रातील फरशीकाम आणि त्याचा कंत्राटदार

घराच्या सर्व अंगांपैकी जमीन हे अंग सर्वाधिक वापरले जाते आणि सर्वात कमी तपासले जाते. भिंतीचा ओळंबा चुकला तर डोळ्याला खटकतो, छप्पर गळले तर पहिल्याच पावसात कळते. जमिनीचा दोष मात्र फरशीखालच्या भरावात आणि मसाल्याच्या थरात दडून राहतो, आणि तो वर येतो तेव्हा काम करणारा आपली मजुरी घेऊन बहुधा निघून गेलेला असतो. त्यामुळे फरशीकामाच्या इतिहासात साहित्य आणि नक्षी यांच्यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न हा राहिला आहे की, हे काम कोणाच्या हाती सोपवायचे आणि पुढे दोष निघाल्यास जाब कोणाला विचारायचा.

महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत हा प्रश्न दीर्घकाळ उद्भवलाच नाही, कारण जमीन करणारे हात घरातलेच होते. मुरूम आणि माती पसरून, पाणी मारून, धुम्मसाने म्हणजे लाकडी दांड्याच्या जड ठोकळ्याने ती दाबायची, चोपण्याने चोपून सारखी करायची आणि शेणाने सारवायची, अशी ही पद्धत होती. कोकणात पावसाळा सरला की अंगणाची जमीन नव्याने करण्याची रीत होती आणि सारवणात करवंटीचा कोळसा मिसळून तिला काळाभोर रंग आणला जाई. ही जमीन टिकाऊ नव्हती, पण दोष दिसताच दुरुस्त होई, कारण करणारा, वापरणारा आणि निगा राखणारा असा भेदच तिथे नव्हता. हे निगराणीचे काम जवळजवळ संपूर्णपणे बायकांचे होते. त्याला मजुरी नव्हती आणि बांधकामाच्या लिखित इतिहासात त्याची जेमतेम एखादी ओळ सापडते, ही या इतिहासातील मोठी उणीव मानली पाहिजे.

वाड्यांच्या आणि देवळांच्या बांधकामात मात्र पहिल्यापासून बाहेरचा कारागीर लागे. चुनखडी भाजून, ती विझवून, बैलाने ओढलेल्या दगडी चाकाच्या घाणीत वाळूबरोबर मळलेला चुना हा तेथील मुख्य मसाला होता, आणि विटांचे तुकडे चुन्यात घालून, ते ठोकून ठोकून घट्ट केलेल्या जमिनीला कोबा म्हणत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे या कामात घाई चालत नाही; ठोकणीचा एक दिवस वाचवला तर त्याची किंमत वरच्या पृष्ठभागाला पडलेल्या भेगांनी मोजावी लागते. कामाचे व्यवहार दोन प्रकारचे असत : एक रोजंदारीचा आणि दुसरा उक्त्याचा, म्हणजे संपूर्ण कामाची रक्कम आधी ठरवून ते अंगावर देण्याचा. चुना, वीट, वाळू मालकाने आणायची आणि गवंड्याने केवळ मजुरी घ्यायची, या व्यवस्थेचा लाभ असा होता की साहित्यात काटकसर करून गवंड्याला काही मिळत नसे. शिवाय गवंडी पंचक्रोशीतला असे आणि त्याचे आधीचे काम लोकांच्या डोळ्यांसमोर असे. विश्वासार्हता या काळात माणसाच्या ओळखीला बांधलेली होती, आणि ओळखीच्या परिघाबाहेर ती जाऊ शकत नव्हती.

हा परिघ मोडला तो रेल्वेने. दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला बेसाल्ट, हा कठीण आणि एकसंध असल्यामुळे त्याच्या पातळ लाद्या सहजासहजी निघत नाहीत; पाथरवटाला टाकीने एकेक चिरा घडवावा लागे, आणि म्हणून दगडी फरसबंदी ही वाड्याच्या चौकापुरती, घाटापुरती किंवा देवळाच्या आवारापुरती मर्यादित राहिली. भीमा नदीच्या खोऱ्यातील शहाबादच्या आसपासचा चुनखडक याच्या उलट थराथरांनी बनलेला आहे, त्यामुळे त्याच्या सपाट लाद्या खाणीतच सुट्या होतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूरवरून पुढे १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला, आणि निजामाच्या मुलुखातील शहाबाद या मार्गावरच असल्याने तेथील करडी, निळसर फरशी मुंबई-पुण्याच्या बाजारात येण्याची वाट मोकळी झाली. पुढे महाराष्ट्रातील चाळी, शाळा, दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या यांच्या जमिनीला या दगडाने एकच चेहरा दिला. कडाप्प्याचा काळा दगड स्वयंपाकाच्या ओट्यासाठी आणि राजस्थानातील कोटा फरशी जिन्यांसाठी व व्हरांड्यांसाठी रूढ झाली, ती याच वाटेने. या बदलातून मालक आणि दगड यांच्यामध्ये वखारवाला व्यापारी उभा राहिला. दगड ब्रासवर, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या मापाने, विकला जाऊ लागला, आणि फरशीची जाडी कमी आली, कडा तुटल्या किंवा रंग जुळला नाही तर दोष खाणीचा, वखारीचा की बसवणाऱ्याचा, हा वाद तेव्हापासून सुरू झाला.

याच काळात सरकारी आणि सार्वजनिक इमारतींसाठी कंत्राटाची पद्धत पक्की होत गेली. मुंबईच्या १८७२ मध्ये खुल्या झालेल्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, इंग्लंडमधील मिंटन कंपनीच्या लाद्या आहेत. वेगवेगळ्या रंगांची माती साच्यात भरून भाजलेल्या या लाद्यांचे नक्षीकाम केवळ पृष्ठभागावरचे नसल्यामुळे दीडशे वर्षांच्या पावलांनीही ते पुसले गेलेले नाही. एवढा महाग माल समुद्रापलीकडून आल्यावर तो बसवणाऱ्याची निवड ओळखीवर सोडणे शक्य नव्हते. सार्वजनिक बांधकाम खात्याने निविदा, बयाणा रक्कम, अनामत ठेव आणि मोजमाप पुस्तक ही साधने रुळवली. मोजमाप पुस्तकात अभियंत्याने स्वतः मोजलेले काम नोंदवल्याशिवाय देयक निघत नाही, आणि अनामतीचा भाग दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कंत्राटदाराने स्वखर्चाने दोष दूर करण्याची मुदत, संपेपर्यंत अडकून राहतो. महाराष्ट्रात बी-१ आणि बी-२ या नावांनी ओळखले जाणारे निविदा नमुने याच परंपरेतले आहेत. पहिल्यात अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करणार हे कंत्राटदार सांगतो, तर दुसऱ्यात प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर भरतो. या व्यवस्थेची खरी देणगी म्हणजे पैसे रोखून धरण्याचा लेखी हक्क. तिचा तितकाच खरा दोष असा की सर्वात कमी दराला झुकते माप मिळाले, आणि फरशीकामात कमी दर म्हणजे बहुधा अपुरी ठोकणी, पातळ मसाला आणि न भिजवलेले काम असते, जे मोजमापाच्या फितीला दिसत नाही.

विसाव्या शतकातील वळण सिमेंटने आणले. १९१४ मध्ये पोरबंदर येथील कारखान्यातून सिमेंटचे उत्पादन सुरू झाल्यावर देशी सिमेंट हाताशी आले, आणि १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा व रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्स हा उद्योग स्थापन करून उरण येथे सिमेंटच्या रंगीत लाद्या बनवण्यास प्रारंभ केला. आयात होणाऱ्या लाद्यांना देशी पर्याय देण्याची स्वदेशी आकांक्षा त्यामागे होती, आणि ती केवळ घोषणेपुरती राहिली नाही, हे मुंबईच्या अनेक जुन्या इमारतींच्या जमिनी आजही दाखवतात. ही लादी भाजली जात नाही. धातूच्या साच्यात कप्पे पाडणारी नक्षीची चौकट ठेवून प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रंगाचे सिमेंट ओतले जाते, चौकट अलगद उचलून वर कोरड्या मिश्रणाचा थर दिला जातो, दाबयंत्राखाली ती दाबली जाते आणि पुढे अनेक दिवस पाण्यात ठेवून घट्ट होऊ दिली जाते. कारागिराचे नाव नसलेल्या या धंद्यात कारखान्याचे नाव प्रथमच विश्वासाचा आधार झाले, कारण घरमालक गवंड्याला ओळखत नसला तरी माल कोठला हे त्याला ठाऊक असे.

पुढे संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये मिसळून बनवलेली मोझॅक लादी मध्यमवर्गीय घरांत सर्वत्र पसरली. तिने बसवणाऱ्याचे महत्त्व पुन्हा वाढवले, कारण मोझॅकची लादी कारखान्यात पूर्ण होत नाही. ती बसवून, सांधे त्याच रंगाच्या सिमेंटने भरून, काही दिवस ओली ठेवून, मग घासणीच्या यंत्राने टप्प्याटप्प्याने घासावी लागते, आणि शेवटची चकाकी येते ती जागेवरच. भारतीय मानक संस्थेने सिमेंटच्या फरशीसाठी आयएस १२३७ हे मानक घालून दिले. लादीचे माप, झीज आणि पाणी शोषण्याचे प्रमाण त्यातून तपासता येऊ लागले. मात्र मानक लादीला लागते, हाताला लागत नाही. म्हणून जाणते गृहस्थ कंत्राटदार निवडताना त्याने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेली जमीन पाहत, लाकडाने ठोकून कोठे पोकळ वाजते का ते ऐकत आणि न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ढाळ, म्हणजे पाणी वाहून जाण्याचा उतार, तपासत. या चाचण्या कोणत्याही पुस्तकात नव्हत्या आणि आजही त्यांच्यापेक्षा चांगल्या चाचण्या सामान्य माणसाच्या हाती नाहीत.

अशी निवड करण्याचा अधिकार त्या काळात वापरणाऱ्याकडेच होता, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, आणि या मार्गाने पुढे उभ्या राहिलेल्या संस्थांत घर बांधवून घेणारा आणि त्यात राहणारा एकच होता. दादर-माटुंग्याच्या वसाहतींत स्वतःच्या भूखंडावर बांधणारा मालकही बहुधा त्याच इमारतीत राहायला येई. ज्या जमिनीवर आपल्याला चालायचे आहे तिच्या कामावर माणूस स्वतः उभा राहतो. भाड्याच्या चाळींत हे नाते तेवढे घट्ट नव्हते, पण तिथेही मालक ठाऊक असे.

मालकी हक्काने सदनिका विकण्याच्या पद्धतीने हे नाते तोडले. विकासक जमीन घेतो, आराखडा करतो, कंत्राटदार नेमतो आणि तयार घर विकतो. ग्राहकाला फरशी दिसते ती ताबा मिळण्याच्या दिवशी. या व्यवहारातील फसवणूक आवरण्यासाठी झालेल्या १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने बांधकामात कोणते साहित्य वापरणार हे उघड करण्याचे आणि ताब्यापासून तीन वर्षांच्या आत निदर्शनास आलेले दोष दूर करण्याचे बंधन विकासकावर घातले. तरीही करारनाम्याच्या परिशिष्टात लादीचे नाव येते, त्यापुढे ‘किंवा तत्सम’ असे शब्द येतात, आणि ती बसवणार कोण याचा उल्लेख सहसा येत नाही. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून खालच्या घरात उतरणारी ओल हा शहरी सोसायट्यांतील सर्वात चिवट तंट्यांपैकी एक तंटा आहे, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा लादीत नसून तिच्याखालच्या जलरोधक कोब्यात आणि चुकलेल्या ढाळात असते.

अलीकडच्या व्हिट्रिफाइड लादीने ही दरी अधिक खोल केली आहे. गुजरातेतील मोरबी परिसरातून मोठ्या प्रमाणावर येणारी ही लादी अत्यंत उष्णतेत काचेसारखी घट्ट भाजलेली असते आणि अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. हाच तिचा गुण आणि हीच तिची अडचण, कारण जुन्या लाद्यांना सिमेंटचा लगदा धरून ठेवी तो त्या पाणी शोषत म्हणून. या लादीला तोच लगदा लावला तर ती काही काळाने सुटते, पोकळ वाजते, कधी फुगून वर येते. तिच्यासाठी वेगळा चिकट मसाला आणि सांध्यांत जागा सोडण्याची शिस्त लागते. परंतु मोठ्या प्रकल्पात मुख्य कंत्राटदार हे काम पोटकंत्राटदाराला देतो, तो ते चौरस फुटाच्या दराने मुकादमाला देतो, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार किंवा बंगालमधून आलेला मिस्त्री दिवसात जितकी लादी बसेल तितकी बसवतो, कारण त्याची मिळकत त्यावरच ठरते. अशा कामातील दोषाचा ठपका मिस्त्रीवर ठेवणे अन्यायाचे आहे. वेगाचे पैसे देऊन कसबाची अपेक्षा ठेवणारी व्यवस्था त्याला जबाबदार आहे.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याचे प्राधिकरण महाराष्ट्रात महारेरा म्हणून ओळखले जाते, दोन गोष्टी बदलल्या. कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दूर केला पाहिजे. आणि कलम ४ नुसार प्रकल्पाची नोंदणी करताना वास्तुरचनाकार व संरचना अभियंता यांच्याबरोबर कंत्राटदारांची नावे व पत्तेही जाहीर केले पाहिजेत. यांपैकी पहिल्या तरतुदीची चर्चा पुष्कळ झाली, दुसरीकडे मात्र ग्राहकांनी अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, वस्तुतः गवंड्याची ओळख गेल्यापासून हरवलेली गोष्ट तीच अंशतः परत देते. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्याने नमुना सदनिकेतील चकाकी पाहून न थांबता महारेराच्या नोंदीतील कंत्राटदाराचे नाव पाहावे, त्याने पूर्वी पूर्ण केलेल्या एखाद्या इमारतीतील रहिवाशांना दोन पावसाळ्यांनंतर जमिनी कशा आहेत हे विचारावे, आणि फरशी व जलरोधनाचे काम प्रत्यक्ष कोण करणार हे करारनाम्यात लिहून मागावे.