तीन ओबोलांचा न्याय

ज्यूरी म्हटली की मराठी वाचकाला १९५९ सालचा मुंबईचा नानावटी खटला आणि त्यातले नऊ पंच आठवतात. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. परंतु पंचाच्या आसनावर कोणी बसावे आणि त्याच्या त्या दिवसाच्या भाकरीची सोय कोणी लावावी, हा प्रश्न फार जुना आहे. प्राचीन अथेन्सने तो सोडवला, आणि सोडवता सोडवता गुंतवूनही ठेवला.

अथेन्समध्ये दरसाल तिशी ओलांडलेले ६,००० पंच चिठ्ठ्या टाकून निवडले जात. स्त्रिया व गुलाम यांना अर्थातच मज्जाव होता. एकेका दाव्यासाठी शेकडो पंच बसत आणि त्यांचा कौल अखेरचा असे. पण चांभाराने दिवसभर न्यायासनावर बसायचे, तर त्याच्या घरची चूल कशी पेटावी? इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्यास पेरिक्लीसने पंचांना रोज दोन ओबोल भत्ता सुरू केला. श्रीमंत किमॉन पदरच्या पैशाने लोकांना वश करीत होता, म्हणून पेरिक्लीसने लोकांचाच पैसा लोकांना वाटला, असा टोमणा ॲरिस्टॉटलच्या नावावरील ग्रंथात आहे. हेतू काहीही असो, गरीब माणूस न्यायासनावर चढला, हे खरे.

इ. स. पूर्व ४२५ च्या सुमारास क्लिऑनने हा भत्ता तीन ओबोल केला. सहा ओबोल म्हणजे एक ड्राख्मा, आणि शतकाच्या अखेरीस एरेक्थिऑन मंदिरावर राबणाऱ्या कारागिराची रोजची मजुरी एक ड्राख्मा होती. म्हणजे वाढवूनही भत्ता निम्म्या मजुरीचाच! म्हाताऱ्याकोताऱ्यांना मात्र त्याचे अप्रूप असे. इ. स. पूर्व ४२२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘गांधीलमाशा’ या ॲरिस्टोफेनिसच्या प्रहसनातला वृद्ध पंच घरी येतो तो नाणी तोंडात धरून, कारण सुट्टे पैसे ठेवण्याची तिथली रीतच तशी. लाडकी लेक त्याचे पाय धुते, ‘बाबा, बाबा’ करीत बिलगते आणि जिभेने ती नाणी लांबवते. त्याच नाटकात मुलगा बापाला हिशेब दाखवतो: ६,००० पंच, खर्च १५० टॅलंट, राज्याचे उत्पन्न मात्र सुमारे २,००० टॅलंट!

हा पैसा आला कोठून? त्या काळच्या एका निनावी, लोकशाहीद्वेष्ट्या लेखकाने उत्तर लिहून ठेवले आहे: कोर्ट फीतून. मांडलिक नगरांना आपले खटले अथेन्समध्ये आणावे लागत. ते फी भरीत आणि पंचांचा भत्ता त्यातून भागे. १०० ते १,००० ड्राख्मांच्या दाव्याला दोन्ही पक्षांनी तीन-तीन ड्राख्मा भरायच्या. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची फी परत करायची.

मी मास्तर असल्याने येथे त्रैराशिक मांडल्याशिवाय मला राहवत नाही. चौथ्या शतकात अशा दाव्याला २०१ पंच असत. त्यांचा भत्ता १०० ड्राख्मांच्या वर, आणि फी जमा अवघी सहा! एका दिवसात असे चार दावे उरकले, तरी जमा चोवीसच. नुसत्या फीने घडा भरणे शक्यच नव्हते. मग उरले दंड आणि जप्त्या. लिसिअसच्या एका भाषणात उल्लेख आहे, की फिर्यादी पंचांना उघड बजावीत: आम्ही सांगतो त्यांना दोषी ठरवले नाहीत, तर तुमचाच भत्ता तुटेल. न्यायाच्या तराजूत पंचाची स्वतःची शिदोरी येऊन पडली ती अशी.

इ. स. पूर्व ४११ मध्ये सत्ता बळकावताच उमरावांनी जवळजवळ सारे भत्ते बंद केले, ते उगाच नव्हे. भत्ता गेला की गरीब आपोआप घरी बसतो, हे ते जाणून होते. लोकशाही परतली तसा भत्ताही परतला. पण इ. स. पूर्व ३४८ च्या सुमारास खजिन्यात खडखडाट झाला आणि पैशाअभावी न्यायालयेच बसेनात. पुढे लोकसभेला हजर राहण्याचा भत्ता वाढत नऊ ओबोलांपर्यंत गेला. पंचांचे मात्र तीनाचे चार कधी झाले नाहीत.

मला क्लिऑनची वाढ चुकीची वाटत नाही. ती अपुरीच होती. चुकीची होती ती तिची गंगोत्री. पंचाला पोटापुरते द्यावेच, नाहीतर न्याय हा सवड असलेल्यांचा खेळ होतो. पण ते सर्वांच्या खजिन्यातून द्यावे. समोर उभ्या असलेल्या पक्षकाराच्या खिशाकडे पंचाची नजर वळली, की तीन ओबोलसुद्धा फार जड होतात.