‘विथ’चं पूर्वचरित्र

‘विथ’ म्हणजे सह, सोबत, बरोबर, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पुढे चहा ‘विथ शुगर’ आणि आमंत्रण ‘विथ फॅमिली’ येऊ लागलं, की या शब्दाइतका मनमिळाऊ शब्द दुसरा नाही अशी आपली खात्रीच पटते. पण सोयरीक करण्याआधी मुलाची चौकशी करतात, तशी याची करून बघा. पूर्वचरित्र काही ठीक नाही!

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ होता ‘विरुद्ध’! त्याचं मूळ आणि आपल्या ‘वियोग’, ‘विभक्त’ यांतला ‘वि’ एकाच कुळातले, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे हा मूळचा घर फोडणारा. ‘विथस्टँड’, ‘विथहोल्ड’, ‘विथड्रॉ’ यांत त्याची जुनी खोड अजून दिसते. सोबतीचं काम तेव्हा ‘मिड’ नावाचा सालस शब्द करी. त्याची भावंडं, जर्मन ‘मिट’ आणि डच ‘मेट’, आजही त्याच कामावर आहेत.

मग झालं काय? इ. स. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढे हेच लुटारू उत्तर आणि पूर्व इंग्लंडात जमिनी कसून, संसार थाटून राहिले. त्यांच्या भाषेतला ‘विथ’चा भाऊबंद वैर आणि सोबत दोन्ही सांभाळी. इंग्रजी ‘विथ’ला माणसांत आणायला त्यानं हातभार लावला. चौदाव्या शतकापर्यंत ‘मिड’ची नोकरी गेलीच. उरला तो ‘मिडवाइफ’मध्ये. ‘वाइफ’ म्हणजे तेव्हा कोणतीही बाई. बाळंतिणीच्या सोबत असते ती ‘मिडवाइफ’. बिचारा सुइणीच्या पदराला धरून तगला!

‘विथ’ मात्र अजून दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे. १८१५ साली वॉटर्लूला वेलिंग्टन नेपोलियनशी लढला, तो ‘विथ’ नेपोलियन. आणि ब्ल्यूखरला सोबत घेऊन लढला, तोही ‘विथ’ ब्ल्यूखर. शत्रू कोण नि दोस्त कोण, हे ज्याचं त्यानं इतिहासाच्या पुस्तकात बघावं.

पण इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. आपला ‘-शी’ काय कमी आहे? लग्न कोणाशी? तिच्याशी. भांडण कोणाशी? तेही तिच्याशीच! इंग्रजांना यासाठी व्हायकिंगांची मदत लागली. आपलं घरच्या घरी भागलं.