हुतात्मा एक्स्प्रेस आणि सोलापुरातली माझी तीन वर्षं

सोलापूर स्टेशनवरून रोज सकाळी पुण्याला एक गाडी सुटते. हुतात्मा एक्स्प्रेस. रविवारी घरी आलेली पोरं सोमवारी तिनंच परत जातात. पाठीला सॅक, हातात आईनं दिलेली पिशवी, पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी. बारावी झाली की पुणे, इंजिनीअरिंग झालं की पुणे, लग्न ठरलं की मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न, "मुलगा पुण्यात आहे ना?"

या गाडीतून मी किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. पण हे हुतात्मे कोण, हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मला नीट सांगता आलं नसतं. आज त्याबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

मी बार्शीकडच्या गावातला. २००३ साली सोलापूरला कॉलेजात आलो, तेव्हा आमच्या डिग्रीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव होतं. पुढच्या वर्षी सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, एका जिल्ह्यापुरतं. आम्हाला त्याचंही फार कौतुक नव्हतं. शहरच आवडत नव्हतं. धूळ, एप्रिलमध्ये अंगाची लाही करणारं ऊन, नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. रिक्षावाला मराठीत सुरू करायचा, कानडीत शिवी द्यायचा आणि हिशेब हिंदीत सांगायचा. आणि प्रत्येक वाक्याला "बे". "काय बे, कुठनं आलास बे?" पहिले सहा महिने मला वाटायचं, हे सगळे माझ्याशी भांडतायत.

रूमवर आम्ही तिघं. एकाकडं सायकल होती. रविवारी मेस बंद आणि खिशात पैसे नाहीत, म्हणून आम्ही फिरायला लागलो. इतिहासाची आवड वगैरे काही नव्हती.

पहिलं फिरणं पूर्व भागात झालं. रूममधला एक जण तिकडचा, घरी तेलुगू बोलणारा पद्मशाली. त्याच्या गल्लीत शिरलं की दोन आवाज यायचे, यंत्रमागाची खडखड आणि बायकांचं बोलणं. घरोघरी उंबऱ्यात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. त्याची आई आमच्याशी बोलायची तेव्हाही बोटं थांबायची नाहीत. तिनं चहा दिला. मी सहज विचारलं, "तुम्ही मूळचे इथलेच का?" ती हसली. "आमचे आजे तेलंगणातून आले. तिकडं माग होता, पोट नव्हतं. इथं गिरणी होती."

माझ्यासाठी सोलापूरचा इतिहास या वाक्यापासून सुरू झाला.

कारण हे शहर गिरणीनं मोठं केलंय. रेल्वे आली, आजूबाजूला कापूस होता, आणि १८७०च्या दशकात मुंबईच्या भांडवलावर इथली पहिली कापड गिरणी उभी राहिली. लोक तिला आजही जुनी मिल म्हणतात. काळ लक्षात घ्या. १८७६ ते ७८ हा महादुष्काळाचा काळ. खेडी रिकामी होत होती, माणसं खडी फोडायला रस्त्यावर बसली होती. गिरणीला मजूर हवे होते आणि दुष्काळानं ते दारात आणून उभे केले. पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. भोंग्यावर शहर उठायचं, भोंग्यावर जेवायचं.

या गिरण्यांशी जोडलेली एक जागा मात्र मला कुणी दाखवली नव्हती. शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. मला वाटायचं, असेल एखादी कॉलनी. एका सरांनी सांगितलं तेव्हा कळलं. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं कित्येक भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. या माणसांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. बाहेर जायचं ते गिरणीत कामाला, आणि पाळी संपली की परत कुंपणात. म्हणजे चोर म्हणून कोंडायचं आणि मजूर म्हणून वापरायचं. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पाच वर्षं जास्त. त्या भागातून मी रोज सायकलनं जात होतो आणि मला पत्ता नव्हता.

आता हुतात्म्यांकडं येतो.

मे १९३०. मिठाचा सत्याग्रह चालू होता. ५ मेच्या पहाटे गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर बंद झालं. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी दारूबंदीच्या चळवळीत शिंदीची झाडं तोडायला लोक गेले, तिथून पोलिसांशी चकमक पेटली. गोळीबार झाला, माणसं मेली. चिडलेल्या जमावानं पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात पोलीसही मारले गेले. कोर्टाची इमारत जळाली. त्यानंतर दोन-तीन दिवस शहरात इंग्रजांचं राज्य जवळपास उरलं नव्हतं. लोकांनीच वाहतूक सांभाळली, व्यवहार चालवले.

१२ मे रोजी मार्शल लॉ लागला आणि जूनअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास दिवस राहिला. गांधी टोपी घातली तरी गुन्हा, तिरंगा लावला तरी गुन्हा. पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली चौघांना फाशी सुनावली गेली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. या चौघांचा त्या खुनांत हात नव्हता, असंच सोलापूर आजवर मानत आलंय. मल्लप्पा तर जमावाला आवरायला पुढं झाले होते, असं जुनी माणसं सांगतात. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी दिली.

कुठं? पुण्यात. येरवडा तुरुंगात.

हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत होतो. पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. ज्या गाडीतून आम्ही पुण्याला ‘सेटल’ व्हायला जायची स्वप्नं बघत होतो, तिला ज्यांचं नाव, ते पुण्याला नेले गेले आणि परत आले नाहीत.

ती चार नावं पुन्हा एकदा सावकाश वाचा. एक लिंगायत व्यापारी, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. कुर्बान हुसेन वीस-बावीस वर्षांचा पोरगा. कामगारांत काम करायचा, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचा. आज एखाद्या जयंतीच्या मिरवणुकीवरून शहरात तणाव झाला, की व्हॉट्सॲपवर कोण काय फॉरवर्ड करतो ते आपण बघतो. हे तेच शहर. चार हुतात्म्यांचे पुतळे त्याच शहरात उभे आहेत.

सायकलच्या टप्प्यात शहर संपलं, मग आम्ही एसटीनं बाहेर पडायला लागलो.

नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर, सोलापूरपासून तास-दीड तास. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधलाय, आदिलशाहीच्या काळातला, १६१३चा. पावसाळ्यात वरून पाणी पडतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. आम्ही तिथं फोटो काढत होतो. एक म्हातारे बाबा बसले होते. म्हणाले, "पोरांनो, इथं लढाई झाली, ठाऊक आहे का?" आम्ही म्हटलं, शिवाजी महाराजांची का? म्हणाले, "नाही रे. माझ्या डोळ्यांदेखत झालेली."

१९४८ची. सोलापूर इंग्रजी मुलखात आणि पुढं थोड्या अंतरावर निजामाची हद्द, हे आम्ही कधी नकाशावर पाहिलंच नव्हतं. तुळजापूर, नळदुर्ग सगळं निजामाचं. १५ ऑगस्ट १९४७ला सोलापुरात झेंडा चढला तेव्हा तुळजापूरच्या माणसाला स्वातंत्र्य नव्हतं. रझाकारांच्या भीतीनं माणसं सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडं येत होती. आमच्या बार्शी भागात स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते, तिथून पलीकडं जाऊन लढायचे. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. घरी गेल्यावर आजीला विचारलं. ती सहज म्हणाली, "आपल्याकडं आलती की माणसं. तुझ्या पणज्यानं गोठ्यात ठेवली होती." वीस वर्षं मी त्या गोठ्यात खेळलो होतो.

मंगळवेढ्याला गेलो ते ज्वारीच्या हुरड्यासाठी, खोटं कशाला बोलू! तिथं चोखोबांची गोष्ट पुन्हा ऐकली. गावकुसाच्या बांधकामावर वेठीला लावलेले चोखोबा भिंत कोसळून गेले, साल १३३८ असं परंपरा सांगते. ज्या कुसाच्या आत त्यांना राहू दिलं नाही, ते बांधताना गेले. समाधी पंढरपुरात, महाद्वारासमोर. म्हणजे तीही दाराच्या बाहेर. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात दहा दिवस उपास करावा लागला.

मंगळवेढ्याहून परतताना एसटीत आमच्यातला तेलुगू मित्र एवढंच म्हणाला, "सगळीकडं सेमच आहे बे. बांधायचं यांनी, आणि राहायचं बाहेर."

त्याच्यापेक्षा बरं मला आजही सांगता येत नाही. गावकूस, तारेचं कुंपण, गिरणीचं फाटक. या भागाचा इतिहास म्हणजे काम करणाऱ्यांना आत किती घ्यायचं, याचं भांडण आहे. ते भांडण कधी हरलं, कधी थोडं जिंकलं. आम्ही कॉलेजात असताना, २००६ साली, कुंभारीला दहा हजार विडी कामगार बायकांच्या हाती स्वतःच्या घरांच्या चाव्या आल्या. गोदूताई परुळेकरांचं नाव त्या वसाहतीला. मोर्चे काढून, वर्षानुवर्षं भांडून मिळवलेली घरं. तिथंच पुढं रे नगर उभं राहिलं, जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. पक्ष कुठलाही आवडो वा न आवडो, कष्टकरी बाई स्वतःच्या नावाच्या घरात राहायला जाते, ही गोष्ट साधी नाही.

पण घर आलं तरी पोटाचं काय? गिरण्या एकेक करून बंद झाल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, चादर विणणाऱ्याच्या पोराला मात्र मागावर बसायचं नाही. त्याला दोष कसा देणार? आमचा रूममेट स्वतः आज हिंजवडीत आहे. २०२३ साली विमानतळाच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. बाजू दोन्हीकडं होत्या. पण उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं विमान आलं म्हणून पोरं परत येतील का, हा प्रश्न आहेच.

पुण्याला जाऊ नका असं मी सांगणार नाही. मी स्वतः गेलो. याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत १९४२ साली तिथंच वारले. माणूस बाहेर जाणारच. पण कोटणीसांना आपण कुठून आलो हे माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं, आणि म्हणून आम्हाला लाज वाटायची. पुण्यात पहिल्या वर्षी कुणी विचारलं की मी "सोलापूरजवळचा" असं हळू आवाजात सांगायचो. "बे" तर तोंडातून निघू नये म्हणून जपायचो.

मागच्या जानेवारीत मुलीला घेऊन सोलापूरला गेलो. सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा दाखवली, पार्क चौकात खाऊ घातलं, मग चार पुतळ्यांसमोर नेलं. तिनं नावं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "बाबा, आपण ज्या ट्रेननं आलो ती यांची?"

म्हटलं, "हो, यांचीच."

तुमच्या घरात गिरणीत काम केलेलं, विड्या वळलेलं, सरहद्द ओलांडून आलेलं कुणी असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. माझी आजी २०११ला गेली. त्या गोठ्यात कोण राहिलं होतं, त्यांची नावं काय होती, हे विचारायचं राहून गेलं.