चव, सेवा आणि मोल : तीन तराजूंचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं म्हातारपणी हॉटेलांवर व्याख्यान द्यावं, हे काय? त्याला एक निमित्त घडलं. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास कशासाठी ते कळेल.

मागच्या वर्षी आमच्या तीन जुन्या विद्यार्थ्यांनी आम्हाला पुण्यातल्या एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेलं. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मंद उजेड, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, पाठीशी अदबीनं उभा असलेला वेटर. जेवण चांगलं होतं, पण मुख्य पदार्थ यायला पाऊण तास लागला. चौघांचं बिल चौदा हजारांच्या घरात गेलं. आमचा १९७६ सालचा पहिला पगार सातशे रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे पोटात गोळा आला. बिलाबरोबर एक छोटं कार्ड होतं. त्यावर तीन ओळी : जेवण, सेवा, पैशाचा मोबदला. प्रत्येकासमोर पाचपैकी गुण द्यायचे. आम्ही जेवणाला चार दिले, सेवेला दोन, मोबदल्याला दोन. पन्नास वर्षं उत्तरपत्रिका तपासलेला माणूस! हात चटकन चालला. पुढे जे झालं ते शेवटी सांगतो.

घरी येताना एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. या तीनच ओळी का? आणि जेवणाऱ्यानं परीक्षक व्हायचं, हे कधीपासून सुरू झालं?

आपल्याकडच्या पंगतीचा विचार करा. पानात काय वाढायचं, मीठ कुठे, लिंबू कुठे, भात कधी, सगळं ठरलेलं. यजमान आग्रह करणार आणि तुम्ही नको नको म्हणत खाणार. तिथे अन्नाला नावं ठेवणं हा असभ्यपणा. का? कारण तुम्ही निवड केलेली नाही आणि पैसेही दिलेले नाहीत. पैसे देऊन जेवायची जागा म्हणजे खानावळ. तिथे वेळ ठरलेली, दर ठरलेला, भाजी जी असेल ती. तक्रार करता येते, पण दोन पदार्थांत तुलना करून निवाडा द्यायला वाव नसतो.

युरोपातही बराच काळ हीच स्थिती होती. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये परगावच्या माणसाला जेवायला मिळे ते एका लांब सामाईक टेबलावर. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरात, मध्ये मांडलेल्या पदार्थांतून हाताला लागेल ते. उशिरा आलात, किंवा टेबलाच्या टोकाला बसलात, तर चांगले तुकडे आधीच गेलेले.

साधारण १७६५ नंतर पॅरिसमध्ये वेगळ्या प्रकारची दुकानं निघाली. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द तेव्हा जागेचा नव्हता, पदार्थाचा होता. मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवून काढलेलं सूप, अशक्त माणसाला ताकद परत देणारं, त्याला हे नाव होतं. नाजूक प्रकृतीचे लोक ते प्यायला येत. आता नाजूक प्रकृतीच्या माणसाला सगळ्यांबरोबर, ठरलेल्या वेळी बसवून कसं चालेल? म्हणून त्याला वेगळं टेबल, सोयीची वेळ, आणि काय काय मिळेल त्याची किमतीसह यादी. बरं का, आजच्या रेस्टॉरंटची सारी लक्षणं या आजारपणाच्या सोयीतून आली आहेत.

इथे एक प्रचलित समज दुरुस्त करायला हवा. १७८९च्या फ्रेंच राज्यक्रांतीत सरदार गेले, त्यांचे आचारी बेकार झाले, त्यांनी रेस्टॉरंटं काढली, असं सर्रास सांगितलं जातं. क्रांतीनंतर रेस्टॉरंटांची संख्या वाढली हे खरं, पण त्यांची सुरुवात त्याआधी वीसेक वर्षं झाली होती. क्रांतीपेक्षा आम्हाला महत्त्वाची वाटते ती किमतीची यादी. पदार्थासमोर आकडा छापला गेला आणि माणूस म्हणू लागला, ‘एवढ्याचं हे आहे का?’ पाहुणा होता तो परीक्षक झाला.

आता ब्रिया-सावारँ या गृहस्थांकडे येऊ. हे पेशानं न्यायाधीश, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयातले. १८२५च्या अखेरीस त्यांनी रुचीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दोन-तीन महिन्यांत ते वारले. त्यात बोव्हिल्ये नावाच्या रेस्टॉरंटवाल्याचं वर्णन आहे. क्रांतीच्या आधी यानं पॅरिसमध्ये रेस्टॉरंट काढलं. त्याचं वैशिष्ट्य ब्रिया-सावारँ चार गोष्टींत मांडतात : देखणं दालन, नीटनेटके वेटर, निवडक मद्यांचं तळघर आणि उत्तम स्वयंपाक. या चारही गोष्टी एकत्र आणणारा हा पहिला, असं त्यांचं म्हणणं. बघा, चारपैकी जेवण एकच आहे! बाकी तीन जेवणाच्या भोवतीच्या.

पण न्यायाधीशांची नजर पुढे जाते. बोव्हिल्येची स्मरणशक्ती दांडगी. पाच-सहा वेळा येऊन गेलेलं गिऱ्हाईक वीस वर्षांनीही ओळखायचा. श्रीमंत मंडळी आली की स्वतः टेबलाशी यायचा, हे घ्या, ते नको, अमुक लवकर सांगा नाहीतर संपेल, अशी आपुलकीनं शिफारस करायचा. जणू घरचा यजमानच. आणि मग हळूच दिसेनासा व्हायचा. थोड्या वेळानं फुगलेलं बिल यायचं, आणि आपण कुणाच्या घरी नव्हे, दुकानात जेवलो हे कळायचं.

मंडळी, महागड्या हॉटेलातली सगळी गुंतागुंत या एका प्रसंगात आहे. आपल्याला आदरातिथ्य हवं असतं. ते विकत मिळतं. पण ते विकतचं आहे हे जेवताना जाणवू नये, अशीही आपली इच्छा असते. आणि त्या न जाणवण्याचेच पैसे बिलात लागलेले असतात.

गिऱ्हाईक परीक्षक झालं, तर व्यावसायिक परीक्षक येणारच. ग्रिमो द ला रेनियेर हा शिक्षणानं वकील, पूर्वी नाटकांची परीक्षणं लिहिणारा. १८०३ पासून त्यानं खवय्यांसाठी एक वार्षिक काढलं. १८१२ पर्यंत त्याचे आठ खंड निघाले. पॅरिसमधली दुकानं, मिठायावाले, रेस्टॉरंटं यांचा त्यात निवाडा असे. त्यानं चव घेणाऱ्यांचं पंचमंडळही नेमलं. दुकानदार आपला माल त्याच्याकडे पाठवत, पंच खात आणि निकाल देत. लवकरच कुजबुज सुरू झाली : माल फुकट येतो, मग निकाल निष्पक्ष कसा? ज्या दिवशी समीक्षक जन्मला, त्याच दिवशी त्याच्या जेवणाचं बिल कोण भरतं हा प्रश्नही जन्मला. आज मोबाइलवर फुकट जेवणाचे व्हिडिओ करणाऱ्यांबद्दल आपण हेच विचारतो.

पण निष्पक्ष म्हणजे तरी काय? चव ज्याची त्याची, असं आपण म्हणतो. या मुद्द्यावर डेव्हिड ह्यूमनं १७५७ साली एक निबंध लिहिला. त्यात सर्व्हान्टिसच्या ‘डॉन किहोटे’मधला एक किस्सा आहे. दोन जाणकारांना पिंपातलं मद्य चाखायला दिलं. एक म्हणाला, उत्तम, पण चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांचीही टर उडवली. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडली चामड्याची दोरी बांधलेली जुनी किल्ली! ह्यूमचा मुद्दा असा की चव माणसागणिक बदलते, पण चांगला परीक्षक असू शकतो. त्याला सूक्ष्म संवेदना हवी, सराव हवा, तुलनेची सवय हवी आणि पूर्वग्रह नको. कांटनं १७९०मध्ये याच्या उलट टोकाची सावधगिरी सुचवली. मद्य ‘सुखद आहे’ असं नुसतं म्हणू नका, ‘मला सुखद आहे’ म्हणा. आम्ही वर्गात या दोघांची लढाई बरीच वर्षं लावून दिली. पण हॉटेलाच्या कार्डावर गुण देताना आम्हाला ना ह्यूम आठवला, ना कांट.

या लढाईतून व्यवहारात वाट काढली ती चक्क एका टायर कंपनीनं. मिशलँनं १९०० साली मोटारवाल्यांसाठी फुकट पुस्तिका काढली. लोकांनी गाड्या जास्त चालवाव्यात, टायर झिजवावेत, हा सरळ हेतू. १९२६मध्ये तिच्यात चांगल्या जेवणासाठी तारा आला, १९३१मध्ये एक, दोन, तीन ताऱ्यांची उतरंड. एक म्हणजे आपल्या वर्गात उत्तम, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे त्याच्यासाठीच प्रवास करावा असं. परीक्षक ओळख न देता जातो आणि बिल भरतो. म्हणजे ग्रिमोवरचा आक्षेप निकालात निघाला.

पण आम्हाला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. या पुस्तिकेनं तराजू वेगळे केले. तारा फक्त ताटातल्या जेवणाचा. दालन, मांडणी, आराम यांच्यासाठी काटा-चमच्याचं वेगळं चिन्ह. आणि माफक पैशांत चांगलं जेवण मिळतं त्यासाठी १९९७पासून ‘बिब गूरमाँ’ ही आणखी वेगळी खूण. याचा परिणाम पाहा. टोकियोच्या गिंझा भागात एका इमारतीच्या तळघरात जिरो ओनो यांचं सुशीचं छोटं दुकान. जेमतेम दहा जागा, स्वच्छतागृह दुकानाबाहेर. टोकियोची पहिली पुस्तिका २००७मध्ये आली, तेव्हा त्याला तीन तारे मिळाले. सिंगापूरमध्ये २०१६ साली एका हातगाडीवजा स्टॉलला कोंबडी-भातासाठी एक तारा मिळाला. दोन-तीन सिंगापुरी डॉलरांची प्लेट! सगळ्याची सरासरी काढली असती, तर ही दोन्ही ठिकाणं कुठेच बसली नसती.

म्हणजे प्रश्न सुटला का? जेवणाचा बराचसा सुटला. मोलाचा थोडासा. आम्ही आमचा १९७६चा पगार आठवून मोबदल्याला दोन गुण दिले, ती तुलना खोटीच होती. किंमत कार्डावर छापलेली असते, मोल आपण कशाशी तुलना करतो त्यावर ठरतं. त्याच शहरातल्या, त्याच दर्जाच्या दुसऱ्या जेवणाशी तुलना करायला हवी होती.

राहिली सेवा. इथे मात्र तराजूच्या पारड्यात पदार्थ नसतो, माणूस असतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात वाढायची पद्धत बदलली. आधी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. मग रशियन पद्धत रूढ झाली : एकामागून एक पदार्थ, गरम, प्रत्येकाच्या पुढ्यात. जेवण सुधारलं, पण वाढणारे हात वाढले आणि त्यांच्या वेळेवर सगळं अवलंबून राहिलं. या हातांचे पैसे कुणी द्यायचे, हा वाद अजून चालू आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचं किमान रोख वेतन ताशी २.१३ डॉलर आहे. १९९१पासून तो आकडा हललेला नाही. टिप धरूनही नेहमीचं किमान वेतन भरलं नाही, तरच फरक मालकाचा. म्हणजे वेटरचा पगार रोज गिऱ्हाईक ठरवतं. फ्रान्सनं १९८७मध्ये छापील किमतीतच सेवेचे पैसे धरणं बंधनकारक केलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं निर्णय योग्यच. पण मग वाढणाऱ्याला काय मिळणार, हा प्रश्न पगाराच्या वहीत सुटायला हवा, आमच्या मर्जीवर नव्हे.

आता त्या कार्डाची राहिलेली गोष्ट. आम्ही सेवेला दोन गुण दिले. मॅनेजरनं कार्ड वाचलं, वेटरला बोलावलं आणि आमच्यासमोरच झापायला सुरुवात केली. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. तो एवढंच म्हणाला, ‘सर, ऑर्डर मी लगेच दिली होती.’ आमच्यातल्या एका विद्यार्थ्यानं केओटी मागितली, म्हणजे ऑर्डरची जी चिठ्ठी किचनमध्ये जाते ती. तीवर वेळ छापलेली होती. आम्ही सांगितल्यावर दोन मिनिटांत ऑर्डर आत गेली होती. उशीर किचनमध्ये झाला होता. त्या मुलानं मधल्या वेळात तीनदा पाणी आणलं होतं, दोनदा दिलगिरी व्यक्त केली होती.

उशीर झाला, ही आमची तक्रार खोटी नव्हती. पिंपात किल्ली होतीच. पण ती कुणी टाकली हे न पाहता आम्ही निकाल दिला. आम्ही कार्डावरचा आकडा खोडून पाच केला, मॅनेजरला त्याचं कारणही सांगितलं. मुलाला मात्र चारचौघांत बोलणी खाऊन झाली होती.

एवढ्या इतिहासातून आम्ही स्वतःपुरता एक नियम काढला आहे. जेवणाचा निवाडा बेधडक करावा, त्यासाठीच पैसे मोजलेले असतात. मोलाचा करावा तो समान दर्जाच्या तुलनेनं. सेवेबद्दल आकडा देऊ नये, वाक्य लिहावं : काय घडलं, किती वेळ लागला, कोण कसं वागलं. आकड्याला माणूस दिसत नाही, वाक्याला थोडा तरी दिसतो. उत्तरपत्रिकेवरही आम्ही नुसते गुण न देता शेरा लिहीत असू. मग एका कष्टाळू पोराच्या बाबतीत आळस का केला, याची खंत अजून आहे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ. आणि विचारणार असाल तर आधीच सांगतो : टिप आम्ही दिली होती, रोख, त्याच्या हातात.