ठिगळ आणि नवे कापड

‘रॉम हॅक’ हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या मनात आधी चोरी येते. प्रत्यक्षात ते काम शिंप्याच्या कामाला अधिक जवळचे आहे. जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजमध्ये (आपल्याकडे तिला ‘कॅसेट’ म्हणत) एक रॉम चिप असते. तिच्यावरच्या आकड्यांची नक्कल संगणकावर घ्यायची, त्यातले काही बदलायचे, आणि मारिओची मैदाने किंवा पोकेमॉनची गावे नि संवाद आपल्या मनासारखे करून घ्यायचे, ही चाहत्यांची एक वाट. दुसऱ्या वाटेने जाणारा मूळ कार्ट्रिजला हातच लावत नाही. तो ‘आरपीजी मेकर’ किंवा ‘गेममेकर’सारखे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर घेतो आणि त्याच पात्रांचा खेळ पायापासून उभा करतो.

यांतली चांगली वाट कोणती, यावर चाहते हिरिरीने भांडतात. मला त्या भांडणात फारसा रस नाही. माझा प्रश्न असा, की या हौशी मंडळींनी जे केले त्यातले नेमके त्यांचे कोणते, आणि ते पुढे कुणाला दाखवता येईल का?

संगणक मी रीतसर शिकलेली नाही. पोथ्यांतले पाठभेद जुळवण्याची सवय होती, तिच्या जोरावर हेक्स एडिटर उघडायला धजले आणि हे जग आपल्याला अगदीच परके नाही हे ध्यानात आले. पहिल्या पिढीतल्या पोकेमॉनच्या इंग्रजी आवृत्तीत प्रत्येक प्राण्याच्या नावासाठी बरोबर दहा अक्षरांची जागा राखलेली आहे. अकरावे लिहिलेत तर ते शेजाऱ्याच्या नावावर चढते. प्राण्याचा क्रमांक एका बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ एवढ्यातच बसवावा लागतो. त्यापुढे जायचे तर सगळी यंत्रणा उसवावी लागते. संवाद लांबला तर तो रॉममधल्या एखाद्या मोकळ्या जागी हलवायचा आणि जुन्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या ‘पॉइंटर’ला नवा पत्ता द्यायचा. समासात लिहिणाऱ्या लेखकूला समासाएवढीच जागा मिळते, तसेच हे.

पण खरी गंमत पुढे आहे. संकेत असा की हॅक करणाऱ्याने पूर्ण खेळ वाटू नये, फक्त फरक वाटावा. या फरकाच्या फायलीला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असेच नाव आहे. ‘आयपीएस’ या सर्वांत रुळलेल्या प्रकारात आरंभी ‘पॅच’ या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे असतात. मग एकामागून एक नोंदी: तीन बाइटांत जागेचा पत्ता, दोन बाइटांत लांबी, त्यानंतर नवा मजकूर. पृष्ठ अमुक, ओळ तमुक, तेथे असे वाचावे! आपल्या जुन्या पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असे, त्याचीच ही जात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कुणी तीत आपली ओवी घालू नये अशी तंबी दिली. तंबी द्यावी लागली, म्हणजे घालणारे होते. ते आपली ओवी वेगळ्या कागदावर देत नसत, म्हणून तर संशोधकांच्या पिढ्या ती शोधत बसल्या. हॅक करणारा मात्र आपली ओवी वेगळी काढूनच हातात ठेवतो.

या प्रकाराचा सर्वांत कीर्तिमान पूर्वज खुद्द ‘मिस पॅक-मॅन’ आहे. डग मॅक्रे आणि केव्हिन करन हे एमआयटीचे विद्यार्थी तिथल्या वसतिगृहांत नाण्यांवर चालणारी खेळयंत्रे ठेवत. मुले खेळाला सरावली की गल्ला घटे. म्हणून त्यांनी १९८१ मध्ये ‘मिसाइल कमांड’साठी खेळ अवघड करणारे जोडसर्किट तयार करून विकले. अटारी कंपनीने दावा लावला. तो मिटला तो या अटीवर, की यापुढे मूळ उत्पादकाच्या परवानगीशिवाय असली सर्किटे विकायची नाहीत. तोवर त्यांचे ‘पॅक-मॅन’वरचे ‘क्रेझी ऑटो’ हे काम झालेले होते. ते घेऊन ते मिडवे कंपनीकडे गेले आणि १९८२ मध्ये तेच ‘मिस पॅक-मॅन’ होऊन बाजारात आले. यंत्रातल्या प्रोसेसरच्या जागी त्यांची पट्टी बसे. मूळ पॅक-मॅनच्या चिप तशाच राहत आणि ठरावीक पत्त्यांवर पट्टीचा मजकूर पुढे येई. ठिगळच ते, फक्त तांब्याचे.

आपल्या घरांतही हॅक आले होते, ते हॅक आहेत हे कुणाला ठाऊक नव्हते इतकेच. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेमबरोबर ‘९९९९ इन वन’ अशी कॅसेट मिळे. खेळ मोजकेच असत. यादी लांबवण्यासाठी त्याच खेळाच्या आरंभीचे आकडे बदलून तो पुन्हा घातलेला असे: एकदा पहिल्या टप्प्यापासून, एकदा मधूनच, एकदा हातात आधीच भारी बंदूक.

दुसऱ्या वाटेचा उगम जपानात आहे. आस्की कंपनीने १९९२ मध्ये ‘आरपीजी त्सुकुरू डान्ते ९८’ काढले. ‘त्सुकुरू’ म्हणजे बनवणे. नकाशा चौकटीचौकटीने भरा, पात्रे ठेवा, कोण काय बोलेल ते लिहा; प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. पाश्चात्त्य हौशी लोकांपर्यंत या मालिकेतले ‘२०००’ पोहोचले ते ‘डॉन मिगेल’ या टोपणनावाच्या माणसाने परवानगीवाचून केलेल्या इंग्रजी भाषांतरातून. अधिकृत इंग्रजी आवृत्ती यायला २०१५ उजाडले. म्हणजे हॅकला पर्याय ठरलेले साधनही आधी हॅक होऊनच आले. नंतरच्या ‘आरपीजी मेकर एक्सपी’वर चाहत्यांनी ‘पोकेमॉन इसेन्शिअल्स’ नावाचा तयार सांगाडा रचला आणि पोकेमॉनचा नवा खेळ करणे कितीतरी सोपे झाले. २५५ ची भिंत नाही, दहा अक्षरांची अट नाही. मला विचाराल तर याच मोकळिकीमुळे त्यातले बरेच खेळ पसरट झाले. अडचणीत लिहिणारा शब्द तोलून वापरतो.

या दोन वाटा एकाच माणसाच्या पायांखाली पाहायच्या तर टोबी फॉक्स घ्यावा. २००८ मध्ये त्याने ‘अर्थबाउंड’ या जुन्या खेळावर हॅलोवीनसाठी एक हॅक केला. ‘मेगालोव्हेनिया’ ही पुढे जगभर गाजलेली धून प्रथम त्यात वाजली. २०१५ मध्ये त्याने गेममेकरवर ‘अंडरटेल’ काढला, त्यातली पात्रे त्याची स्वतःची होती. धून मात्र जुन्या ठिगळातलीच घेतली.

केवळ फरक वाटला तर कायदा आड येत नाही, असा चाहत्यांत एक समज आहे. त्याला १९९८ मध्येच तडा गेला होता. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’साठी खेळाडूंनी रचलेले ३०० टप्पे मायक्रो स्टार कंपनीने सीडीवर विकले. त्या फायलींत मूळ खेळाचे एकही चित्र नव्हते. कोणते चित्र कुठे ठेवायचे एवढेच लिहिले होते. तरीही अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने म्हटले, की ही ड्यूकच्याच कथेची पुढची प्रकरणे आहेत आणि तो हक्क मूळ मालकाचा.

मग २०१६ उजाडले. मिल्टन ग्वास्ती या अर्जेंटिनाच्या रहिवाशाने सुमारे दहा वर्षे खपून जुन्या ‘मेट्रॉइड २’ची गेममेकरमध्ये नवी बांधणी केली आणि मेट्रॉइडच्या तिसाव्या वाढदिवशी, ६ ऑगस्टला, ती खुली केली. निन्तेंदोच्या नोटिशीने ती लगेच हटली. त्याच महिन्यात ‘पोकेमॉन युरेनियम’ आला. तो आरपीजी मेकरवरचा नऊ वर्षांचा उद्योग होता. १५ लाखांवर लोकांनी तो उतरवून घेतला आणि मग तोही मागे घ्यावा लागला. डिसेंबरात ‘पोकेमॉन क्रिस्टल’वरचा हॅक ‘प्रिझम’ नाताळात यायचा होता. काही दिवस आधी नोटीस आली. थोड्याच दिवसांत कुणीतरी त्याचे ठिगळ बाहेर सोडले. ‘मेट्रॉइड २’चे अधिकृत नवे रूप निन्तेंदोने २०१७ मध्ये विक्रीस आणले, आणि ग्वास्ती पुढे दुसऱ्या एका कंपनीच्या ‘ओरी’ मालिकेतल्या खेळावर कामाला लागले.

नोटिशीने दोन्ही वाटा सारख्याच मानल्या. माझ्यासारखीला त्या सारख्या नाहीत. युरेनियममधली स्वतंत्र चित्रे, उसनी पात्रे, इसेन्शिअल्सचा सांगाडा हे सगळे एकाच गाठोड्यात आहे. कुणाचा हात कुठे, हे करणारेच सांगू शकतात. प्रिझमचे ठिगळ क्रिस्टलवर ठेवले की बदललेला बाइट न् बाइट मोजता येतो. अर्थात ठिगळ मूळ वस्त्रावाचून निरर्थक, आणि इथेच माझी खरी अडचण आहे. आयपीएसच्या फायलीत मूळ प्रतीची खूण ठेवण्याची सोय नाही. एकाच खेळाची जपानी आवृत्ती निराळी, इंग्रजी निराळी, त्यातही कधी चुका सुधारलेली दुसरी खेप. करणाऱ्याने सोबत लिहून ठेवले नसेल तर त्या एकेक लावून पाहाव्या लागतात. चुकीच्या प्रतीवर ठिगळ बसले की गावांच्या भिंती विस्कटतात, संवादाच्या चौकटीत चिन्हांचा कचरा येतो, खेळ थिजतो. मग पुढची प्रत. ओळी वाचण्याजोग्या उमटल्या की वहीत प्रतीचे नाव लिहायचे आणि पुढचे ठिगळ घ्यायचे.