दस्तक आहे का?

रसायनी हे नाव अजून कुणी ऐकलेलं नाही; कारखाने यायला अडीचशे वर्षं आहेत. १७१८ चा नोव्हेंबर. पाताळगंगेच्या काठानं तुम्ही आपट्याला उतरता, तर भरतीवर आलेलं गलबत भाताची पोती भरून तयार. ओहोट लागताच तांडेल दोर सोडतो.

धरमतरच्या खाडीत मतलई वारा शिडात भरतो. उजव्या हाताला करंजा, तिथं पोर्तुगीज. त्यापलीकडे मुंबई, तिथं बून नावाचा इंग्रज गव्हर्नर. खालच्या अंगाला सगळा कान्होजी आंग्र्यांचा दर्या. तांडेल कंबरेची बांबूची नळी चाचपतो. आत सरखेलांचं, म्हणजे कान्होजींचं, दस्तक आहे: दर्यावर फिरायचा परवाना. ते नसेल तर गलबत मालासकट कुलाब्याला.

इंग्रज याला चाचेगिरी म्हणतात आणि स्वतः परवाने देतात. १७१३ साली दोघांत तह झाला, पण देशी व्यापाऱ्यानं इंग्रजी निशाण लावलं म्हणून त्याचं जहाज इंग्रजांचं होतं का? कान्होजी म्हणतात, नाही. सगळं भांडण तिथंच अडलंय. राज्याभिषेकाला जेमतेम ४४ वर्षं झालेल्या राज्यानं आपल्याच किनाऱ्यावर जकात मागू नये, हा इंग्रज कंपनीचा हट्ट मला तरी उफराटा वाटतो.

"पाव्हणं, वारा पडला की गंमत बघा," तांडेल सांगतो. इंग्रजी जहाजाच्या बहुतेक तोफा बाजूंना. वारा पडला की ते जागच्या जागी खिळतं. मग वल्ह्यांची गलबतं आपल्या गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, ओढत त्याच्या पिछाडीला आणतात. गुराबेच्या नाळेवरच्या तोफा डोलकाठ्या आणि दोरखंडावर धडधडतात. जहाज लुळं पडलं की गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर चढतात.

मांडव्याच्या पुढे गेल्यावर खांदेरी दिसते, आणि तिच्यासमोर बूनची जहाजं. बेटावर धूर. तांडेल शीड उतरवतो, गलबत किनाऱ्याला लावतो. १६७९ मध्ये मराठ्यांच्या मायनाक भंडाऱ्यानं बेट धरलं, तेव्हाही इंग्रजांना ते उठवता आलं नव्हतं. याही खेपेला ते हात हलवत परततील. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर येतील, तरी तेच.

तांडेल निर्धास्त बसून पान जुळवतोय. १७५६ मध्ये विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार इंग्रज जाळतील, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं असतील, हे त्याला सांगून पटणार नाही.