अडगाव–गाविलगड मोहीम (१८०३) : प्रत्यक्षदर्शी कथने

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील वऱ्हाडची मोहीम. अडगाव (तेल्हारा तालुका, जि. अकोला) येथील लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली, तर गाविलगड १५ डिसेंबरला पडला. नांदगाव खंडेश्वराहून अमरावती, परतवाडा असा उत्तरेचा रस्ता धरला की चिखलदऱ्यापाशी हा किल्ला लागतो.

अडगावला नागपूरकर भोसल्यांचे पायदळ व तोफखाना राजे दुसरे रघूजी यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली होता. सोबत शिंद्यांचे घोडदळ होते. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची पत्रे येथे अधिकृत खलित्यापेक्षा बोलकी आहेत. मराठ्यांच्या तोफा दूर होत्या, मारा फारसा लागत नव्हता. तरी आधीच्या असईच्या लढाईत नावाजलेल्या इंग्रजांच्या तीन देशी पलटणी मोडून पळाल्या. आपण जवळ नसतो तर लढाई हातची गेली असती, असे त्याने खाजगी पत्रात मान्य केले. विजेत्याची अशी कबुली विरळाच. पाठलाग चांदण्यात झाला. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

वेलस्लीसोबत चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. त्याची पत्रेही उपलब्ध आहेत. मद्रासचा अभियंता जॉन ब्लॅकिस्टन याच्या आठवणी १८२९ मध्ये निनावी छापल्या गेल्या. तिघेही साहेब, पळालेल्या शिपायाची भीती आपल्याला त्यांच्याच लेखणीतून कळते, हे वाचताना विसरू नये. अडगावनंतर गाविलगडासाठी इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेच्या लबाडा गावाकडे ओढून नेल्या. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. देवगावच्या तहाने (१७ डिसेंबर) भोसल्यांनी वर्धेपलीकडचा पश्चिम वऱ्हाड सोडला.